आम्ही कोणाचे पाहुणे?

आपल्या घरांतून कुटुंबासह बाहेर पडण्याची दोन ठरलेली कारणे असतात. एक जियारत आणि दुसरी सहल. जियारतीला निघताना आपण वजू करतो, डोक्यावर टोपी किंवा रुमाल घेतो, फुले आणि नियाजीचा पुडा सांभाळून नेतो. सहलीला निघताना चटई, पुलावचे पातेले, पाण्याचे कॅन आणि मुलांची बॅट-बॉल गाडीत टाकतो. दोन्ही वेळची मनःस्थिती वेगळी, बोलण्याचा आवाजही वेगळा. पण आपल्या अवतीभवती अशी काही ठिकाणे असतात, जी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतात. एखाद्या वजिराचा मकबरा, पाणी आटलेल्या तलावातला जुना महाल, खंदकाने वेढलेला किल्ला. तिथे कोणी पीर नाही, म्हणून ती जियारत नव्हे. तिथे कबर आहे, म्हणून ती निव्वळ बागही नव्हे. अशा ठिकाणी माणसाने कसे जावे? मुलाबाळांना तिथे नेऊन काय सांगावे? आणि ज्या ठिकाणाला आपण 'आपले' म्हणतो, ते कोणत्या अर्थाने आपले असते?

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हां मंडळींपुढे हा प्रश्न दरवर्षी सहल ठरवताना उभा राहतो. एरवी तो किरकोळ वाटला असता. पण गेल्या काही वर्षांत जुन्या इमारती, जुन्या कबरी आणि जुनी नावे यांवरून इतके बोलले गेले आहे, की सहावीच्या वर्गातले पोरही आता त्याबद्दल ऐकून आलेले असते. म्हणून हा प्रश्न जरा सावकाश, न रागावता पाहावा असे आम्हांस वाटते.

आमचा मुलूख लहान आहे. नगर शहर आणि त्याच्या भोवतीची पंधरा-वीस किलोमीटरची माळरानाची पट्टी. १४९० मध्ये मलिक अहमदने याच परिसरात बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे चार-एक वर्षांत इथे शहर वसवायला घेतले. त्या निजामशाहीच्या खुणा अजून जागोजाग उभ्या आहेत. भुईकोट किल्ला, दमडी मशीद, फराहबाग, बागरोजा, कोटला आणि पाथर्डीच्या वाटेवरच्या डोंगरावरचा तो उंच मकबरा. एका दिवसात दोन-तीन ठिकाणे सहज होतात. खर्च फारसा नाही. गरीब पालकांच्या खिशाला परवडणारी सहल म्हणजे हीच.

कुरआन शरीफमध्ये जमिनीवर फिरून आपल्याआधी होऊन गेलेल्या लोकांचे काय झाले ते पाहण्याची ताकीद एकदा नव्हे, अनेकदा आली आहे. प्रवास ही आपल्याकडे केवळ मौज मानलेली नाही. त्यातून 'इबरत' घ्यावी, म्हणजे दुसऱ्याच्या अखेरीवरून आपल्याला शहाणपण यावे, अशी अपेक्षा आहे. कबरस्तानात जावे, कारण त्याने आखिरतची आठवण होते, हीही शिकवण आपण मदरशात ऐकलेली असते. या दृष्टीने पाहिले तर पडक्या महालात जाणे हेसुद्धा दीनच्या शिकवणीबाहेरचे नाही. पण इबरत घ्यायची तर आधी समोर काय आहे ते ठाऊक हवे. ज्याचे नावच माहीत नाही, त्याच्या अखेरीवरून आपण काय शिकणार?

आता त्या डोंगरावरच्या मकबऱ्याकडे येऊ. अष्टकोनी, तीन मजली, सुमारे सत्तर फूट उंच, काळ्या दगडाची भक्कम इमारत. भोवती प्रशस्त चौथरा. वर वारा असा भन्नाट असतो की, मुलांच्या टोप्या उडतात आणि त्यांच्यामागे धावण्यातच अर्धा तास जातो. पावसाळ्यात सगळा डोंगर हिरवा होतो आणि रविवारी इथे जत्रा भरल्यासारखी गर्दी असते. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांचीच कुटुंबे येतात. या इमारतीला सारे शहर 'चाँदबीबीचा महाल' म्हणते. रिक्षावाला म्हणतो, भेळवाला म्हणतो, शाळेच्या सहलीच्या चिठ्ठीवरही तेच छापले जाते.

हा महाल नाही आणि तो चाँदबीबीचाही नाही. हा मकबरा आहे सलाबतखानाचा. मुर्तजा निजामशहाचा हा वजीर १५८९ मध्ये वारला. तळघरात त्याची कबर आहे. चाँदबीबीने मोगलांच्या वेढ्यातून नगरचा किल्ला वाचवला ती हकिकत १५९५-९६ ची, म्हणजे सलाबतखान मातीआड गेल्यानंतर सहा वर्षांची. त्या काळात नगरच्या दरबारी राहिलेल्या फरिश्ता या इतिहासकाराने सलाबतखानाच्या कारभाराची मनापासून तारीफ केली आहे. भातोडीचा तलाव त्याने बांधवला. ज्या मुलखात चार वर्षांपैकी दोन वर्षे पावसाची वाट पाहण्यात जातात, तिथे तलाव बांधणाऱ्या माणसाची किंमत वेगळी सांगायला नको.

तरीही लोकांच्या तोंडी राहिली ती चाँदबीबी. त्यात नवल नाही. तटाला खिंडार पडलेले, शत्रू समोर उभा आणि एक स्त्री रातोरात ते खिंडार बुजवून घेते, ही गोष्टच अशी की, ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही. तलाव, कारभार, वसूल, बंदोबस्त यांची गोष्ट कोण सांगणार? शौर्याला शाहीर मिळतात, व्यवस्थेला मिळत नाहीत. पण म्हणून एका माणसाच्या कबरीवर दुसऱ्याचे नाव कायमचे चिकटून राहावे, हे बरोबर आहे का? हा आमच्या मते इतिहासाचा नुसता तपशील नाही, हा नीतीचा प्रश्न आहे.

त्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. दोन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप आपल्यातल्या दीनदार मंडळींचा. ते म्हणतात, कबरीवर एवढ्या उंच इमारती बांधणेच शरीयतला पसंत नाही. मग तिथे मुलांना नेता कशाला आणि त्या बांधणाऱ्याच्या नावाची फिकीर करता कशाला? आम्हांला यात दोन गोष्टींची सरमिसळ दिसते. त्याने इमारत बांधायला हवी होती की नव्हती, याचा हिशेब त्याच्याकडून घेणारा वेगळा आहे. आपण त्या मृत माणसाच्या दारात जाऊन कसे वागलो, याचा हिशेब मात्र आपल्याकडून घेतला जाईल. इमारत साधी असो की भव्य, खाली निजलेला माणूस तर माणूसच आहे. त्याच्या डोक्यावर उभे राहून चिप्सच्या पुड्या फेकणे आणि दगडावर खिळ्याने बदाम कोरणे, हे कोणत्याही मसलकमध्ये बसत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. आठवडाभर हमाली करणारा, गॅरेजमध्ये राबणारा माणूस एका रविवारी बायकामुलांना घेऊन मोकळ्या हवेत येतो. तिथे त्याला हसू-खेळू द्या. त्याच्या डोक्यावर इतिहासाचे ओझे कशाला? हा आक्षेप आम्हांला जास्त जवळचा वाटतो, कारण आमच्या शाळेतली बहुतेक मुले याच घरांतली आहेत. कबरीजवळ मुलांचे हसणे म्हणजे बेअदबी, असे आम्ही म्हणणार नाही. मकबऱ्याभोवती बाग लावण्याची पद्धत होतीच. लोकांनी सावलीला बसावे, चार घटका विसावावे हा त्यात हेतू असणार. जेवणाचा डबा उघडण्यात गैर काही नाही.

गैर आहे ते वेगळेच. आपल्याकडे मेहमानाचे काही कायदे आहेत. कोणाच्या घरी गेलो, तर आधी सलाम करतो. घर कोणाचे आहे हे विचारल्याशिवाय दस्तरखानावर बसत नाही. जेवून उठताना यजमानासाठी दुआ करतो आणि उष्टे-खरकटे टाकून निघून जात नाही. सलाबतखानाच्या चौथऱ्यावर आपण पाहुणेच असतो. तो यजमान उठून स्वागत करू शकत नाही आणि तक्रारही करू शकत नाही, एवढाच फरक. उलट यजमान मुका असतो तेव्हा पाहुण्याची जबाबदारी वाढते. हमाली करणाऱ्या आमच्या भावाने निजामशाहीची वंशावळ पाठ करावी अशी अपेक्षा नाही. आपण कोणाच्या दारात बसलो आहोत, तेवढे एक नाव त्याला आणि त्याच्या मुलांना माहीत असावे. लहान मूल पायऱ्या चढता चढता हमखास विचारते, "सर, ये किसका घर है?" या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि खाली निजलेल्या माणसाचाही.

या संदर्भात मौलाना अबुल कलाम आजाद यांची आठवण होते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीतल्या नेत्यांना पकडून नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिले, हे सगळ्यांना माहीत असते. उर्दू वाचणाऱ्यांना हेही माहीत असते की, मौलानांच्या 'गुबार-ए-खातिर'मधली बहुतेक पत्रे याच किल्ल्यातली आहेत. पाठवता न येणारी पत्रे. पहाटेचा चहा, खोलीत शिरणाऱ्या चिमण्या आणि एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारलेली पत्नी झुलेखा बेगम, जिचे अखेरचे दर्शन त्यांना झाले नाही. त्याच पत्रांत अंगणातल्या एका पडक्या कबरीचे वर्णन आहे. शेजारी कडुनिंब, उशाशी दिव्याचा रिकामा कोनाडा. ही कबर कोणाची असेल, असा विचार मौलाना करतात. चाँदबीबीची तर नसणार, कारण तिचा मकबरा किल्ल्याबाहेर डोंगरावर आहे, असे ते म्हणतात.

म्हणजे एवढ्या विद्वान माणसापर्यंतही ते चुकीचे नाव पोहोचले होते. मौलानांचा यात दोष काढता येत नाही. ते कैदी होते. डोंगरावर जाऊन खात्री करून घेण्याची मुभा त्यांना नव्हती. पण एका अनोळखी कबरीसमोर उभे राहिल्यावर त्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो 'ही कोणाची?' हाच. कैदेत असलेल्या माणसाला तो प्रश्न पडला. आपण तर मोकळे आहोत.

आता नावांच्याच गोष्टीकडे यावे लागते, कारण ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. शहराच्या स्थापनेपासून चालत आलेले नाव सरकारी कागदांवरून, पाट्यांवरून गेले. आपल्या मोहल्ल्यांत त्याचे दुःख झाले, हे खरे आहे. ज्याच्या वडिलांच्या, आजोबांच्या दाखल्यावर एक नाव आहे आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे, त्याला काही वाटणारच. ते वाटणे लपवण्याचे कारण नाही आणि त्याबद्दल कोणाला दूषणे देण्याचेही कारण नाही. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या चौंडी गावी झाला. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणारी ही बाई या मातीतली होती. तिच्या नावाचा आदर करायला आम्हांला कोणी सांगावे लागत नाही. मुलांना चौंडीलाही न्यायला हवे.

पण या निमित्ताने एक गोष्ट मनात येते आणि ती जरा टोचणारी आहे. सरकारी हुकुमाने गेलेले नाव आपल्याला दिसते, त्याची चर्चा होते, चहाच्या टपरीवर आवाज चढतात. सलाबतखानाचे नाव मात्र कोणाच्या हुकुमाने गेले नाही. त्यासाठी ना मोर्चा निघाला, ना ठराव झाला. ते विसरण्याने गेले. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या दारात जेवून उठणाऱ्या लोकांनी, त्यात हिंदूही आले आणि मुसलमानही, कधी विचारलेच नाही म्हणून गेले. मग नाव पुसण्याचे दुःख आपल्याला खरोखर नावासाठी होते, की ते कोणी पुसले यासाठी? ज्याला नावाची खरी कदर आहे, त्याला दोन्ही वेळा वाईट वाटायला हवे. आणि दुसऱ्या प्रकारची हानी तर भरून काढणे आपल्या हातात आहे. त्याला परवानगी लागत नाही, पैसा लागत नाही. फक्त मुलांशी बोलताना 'सलाबतखानाचा मकबरा' एवढे दोन शब्द वापरावे लागतात.

यापुढचा प्रश्न जास्त अवघड आहे. ही ठिकाणे 'आपली' म्हणजे कोणाची? आपल्यातले काही जण मुलांना छाती फुगवून सांगतात, बघा, इथे आपले राज्य होते. समोरचे काही जण नेमके तेच वाक्य उलट्या सुरात म्हणतात, इथे त्यांचे राज्य होते. दोघांचे बोलणे ऐकले की, वाटते हे एकाच शाळेत शिकलेले आहेत. इतिहास मात्र या दोघांनाही साथ देत नाही.

नगरचा किल्ला वेढणारे मोगल मुसलमान होते आणि आत लढणारी चाँदबीबीही. पुढे तिला ठार केले ते मोगलांनी नव्हे. ती शत्रूशी बोलणी करते आहे अशी आवई उठली आणि तिच्याच लोकांनी तिचा जीव घेतला. तिचा भाऊ मुर्तजा निजामशहा, सलाबतखानाचा धनी, १५८८ मध्ये स्वतःच्या मुलाच्या हातून मेला. निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला होता, असे फरिश्त्यानेच लिहून ठेवले आहे. मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ यांना नवस केला आणि मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकिकत मराठी बखरींतून चालत आलेली आहे. शाह शरीफ यांचा दर्गा आजही शहरात आहे. १६२४ मध्ये भातोडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला हरवले. हा मलिक अंबर म्हणजे हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि स्वतःच्या अकलेने राज्याचा कर्ताधर्ता झालेला माणूस. त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल करून टाकला. तलाव कोणता, तर सलाबतखानाने बांधवलेला. त्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि शरीफजी कामी आले.

आता भातोडीच्या बांधावर उभे राहून मुलाने विचारले, "सर, यात आपले कोण आणि त्यांचे कोण?", तर काय सांगायचे? प्रामाणिक उत्तर एकच. बाळा, या हिशेबाने ही लढाई मांडताच येत नाही. हे उत्तर ऐकून काही मुले हिरमुसतात. त्यांना एक बाजू हवी असते, क्रिकेटच्या सामन्यात असते तशी. पण ज्या मुलाने ते उत्तर पचवले, त्याला पुढे कोणी सहजासहजी भडकवू शकणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

मग 'आपले' या शब्दाला काही अर्थच उरत नाही का? उरतो. त्यासाठी किल्ल्याजवळच्या दमडी मशिदीत जावे. ही मशीद १५६७-६८ च्या सुमाराची. छोटीशीच, पण तिच्या दगडांवरचे नक्षीकाम पाहून दगड आहे की लाकूड, असा भ्रम व्हावा. हुसेन निजामशहाने १५५९ पासून किल्ल्याचे काम दगडात करवून घेतले. त्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. दमडी म्हणजे त्या काळचे अगदी क्षुल्लक नाणे. मराठीत आपण कंजूस माणसाबद्दल बोलतो, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. इथे उलट घडले. उन्हात चमडी करपवून मिळवलेली दमडी मजुरांनी खुशीने दिली.

ते मजूर कोण होते? त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. दरबारी कागद सरदारांची नावे सांभाळतात. मजुरांची आठवण राहिली ती फक्त मशिदीच्या नावात, एका नाण्याच्या रूपाने. आमच्या वर्गातली मुले कोणाची वारस आहेत? सुलतानांची तर खचितच नाहीत. त्यांचे बाप गवंडी आहेत, पेंटर आहेत, भाजीच्या गाड्या लावतात. नाते सांगायचेच असेल, तर दमडी देणाऱ्याशी सांगावे. ते नाते अभिमानाचे आहे आणि त्यात कोणाचा अपमान नाही. हे नाते मुसलमान मुलापुरतेही नाही. दगड फोडणाऱ्या वडाराच्या मुलालाही ते तितकेच सांगता येईल.

उर्दू शाळेतल्या मुलांकडे इथे आणखी एक गोष्ट आहे. दगडावर कोरलेले कलमे आणि आयती पाहून बाकीचे प्रवासी नक्षी म्हणून कौतुक करतात आणि पुढे जातात. आमचे पोर बोट फिरवत एकेक हरफ जोडू लागते. अलिफ, लाम, लाम, हे. सगळे नाही वाचता येत, पण जेवढे येते तेवढ्याने त्याचा चेहरा उजळतो. ही लिपी येणे म्हणजे त्या भिंतीची किल्ली हाती असणे. किल्ली ज्याच्याकडे असते, त्याने ती खिशात घालून मिरवायची नसते. शेजारी उभ्या असलेल्या मराठी शाळेच्या मुलाला वाचून दाखवायचे असते. 'आपले' या शब्दाचा आम्हांला पटलेला अर्थ हा असा आहे. जे आपल्याला थोडे अधिक कळते, ते दुसऱ्याला सांगण्याची जबाबदारी म्हणजे आपलेपणा. मालकी याहून वेगळी असते आणि या इमारतींची मालकी तर त्या बांधणाऱ्यांच्याही हाती राहिली नाही.

सहलीतले मुलांचे सगळ्यांत आवडते ठिकाण मात्र मकबरा नसतो की मशीद नसते. ते असते रणगाड्यांचे संग्रहालय. १९९४ मध्ये लष्कराने उभारलेल्या या संग्रहालयात निरनिराळ्या देशांचे जुने रणगाडे मांडून ठेवले आहेत. मुले एकेका रणगाड्याजवळ जाऊन त्याची नळी किती लांब, चाके किती, याचा हिशेब करतात. पॅटन रणगाड्यासमोर आले की, उर्दू शाळेच्या शिक्षकाला हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव आठवतेच. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण विभागात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उद्ध्वस्त करता करता ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण ती कशासाठी सांगतो, याचा विचार आम्हांला महत्त्वाचा वाटतो. पुष्कळदा ती प्रमाणपत्रासारखी सांगितली जाते. बघा, आमच्यातही असे झाले आहेत. ऐकणाऱ्या मुलाला त्यातून शौर्य कळत नाही. आपल्याला सतत काहीतरी सिद्ध करून दाखवायचे आहे, एवढेच कळते. गाझीपूरच्या खेड्यातल्या एका गरीब घरचा मुलगा फौजेत गेला आणि वेळ आली तेव्हा मागे हटला नाही, एवढी गोष्ट पुरेशी मोठी आहे. तिला पुरावा बनवले की, ती लहान होते. जे निजामशाहीचे, तेच इथेही. मेलेल्या माणसाला आपल्या भांडणात साक्षीदार म्हणून उभे करू नये. त्याची गोष्ट त्याचीच राहू द्यावी.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, एका दिवसाच्या सहलीवर किती विचारांचा भार टाकता! आम्हांला भार टाकायचा नाही. जियारत आणि सहल यांच्यामधली जी वाट आहे, तिचे चार साधे रिवाज पडावेत एवढीच इच्छा आहे. जिथे जायचे त्या जागेचे खरे नाव घरातल्या मोठ्यांनी आधी विचारून घ्यावे आणि मुलांना सांगावे. जिथे कबर असेल, तिथे पहिल्यांदा सलाम करून फातेहा पढावा, मग चटई पसरावी. मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला, तर आपल्या सोयीचे उत्तर न देता जे घडले ते सांगावे, मग त्यात आपला मान वाढो की कमी होवो. आणि निघताना आपण आलो होतो याची खूण मागे ठेवू नये, ना दगडावर, ना जमिनीवर.

यातला एकही रिवाज अवघड नाही. आपल्या अम्मी-नानींनी मेहमान म्हणून कसे वागावे हे शिकवताना यातले बहुतेक सांगितलेलेच असते. फक्त ते जिवंत यजमानापुरते राहिले आहे. ते मेलेल्यांनाही लागू करावे. राजे, वजीर आणि मजूर, सगळेच आता आपल्या भल्या वागण्यावर अवलंबून आहेत. त्यांच्याबद्दल आपण जे बोलू, तेवढेच त्यांचे या जगात उरणार आहे. उद्या आपणही त्यांच्यासारखेच कोणाच्या तरी जिभेवर असू. आपल्या मुलांनी आज दुसऱ्याचे नाव नीट उच्चारायला शिकले, तर उद्या आपले नावही कोणी नीट उच्चारील, अशी आशा करायला जागा राहते.